पत्र्याअलीकडचा धूर

बांधकामाच्या जागेवर पर्यावरण कुठं असतं असं कुणी विचारलं, तर मी ताबडतोब बोट करून दाखवू शकतो. ते पत्र्यावर असतं. रस्त्याच्या मधोमध पत्रे उभे राहिले की महिन्याभरात एक पेंटर शिडी घेऊन येतो आणि त्यांच्यावर झाडं काढू लागतो. झाडं मोठी देखणी असतात. बुंधा चॉकलेटी, पानं पोपटी, फांदीवर एक चिमणी आणि खाली 'वसुंधरा वाचवा'. पत्र्यांच्या आत जी खरी झाडं होती ती समोर असती तर पेंटरला बघून काढता आली असती, पण तोवर ती गेलेली असतात. त्यामुळं बिचाऱ्याला आठवणीतून काढावी लागतात. पुण्यात वडाला आंब्याची पानं आलेली दिसली, तर समजावं की तिथं काम सुरू होऊन बराच काळ लोटला आहे.

पत्र्याच्या वर हिरवी जाळी असते. मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली. उंच इमारतींच्या कामाभोवती ३५ फूट उंचीचे पत्रे, इमारतीला हिरवं कापड, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुण्याची सोय, असं सगळं तिच्यात आहे. नियम चांगले आहेत, माझी तक्रार नाही. फक्त एक गोष्ट लक्षात येते की हे सगळे नियम पत्र्याच्या पलीकडल्या जगाचे आहेत. अलीकडे आम्ही असतो. आमची चाकं कुणी धूत नाही. ती फिरतच नसल्यामुळं मळायचा प्रश्नही येत नाही.

आतलं एक जेसीबी दिवसभर जेवढा धूर सोडतं, त्याहून किती तरी जास्त धूर बाहेर अडकलेल्या गाड्या तासाभरात सोडत असतील, आणि हा धूर कुणाच्याच खात्यावर मांडलेला नसतो. कंत्राटदार म्हणतो, गाड्या माझ्या नाहीत. पोलिस म्हणतात, खड्डा आमचा नाही. पालिका म्हणते, प्रकल्प आमचा नाही. प्रकल्पवाले म्हणतात, रस्ता आमचा नाही. धूर तेवढा सगळ्यांचा, म्हणजे नाक असलेल्या सगळ्यांचा.

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त अभियंता काका राहतात. निवृत्त अभियंत्याला हिशोब आणि लग्नपत्रिकेची कोरी बाजू या दोन गोष्टी मिळाल्या की तो सुखी असतो. त्यांनी एका संध्याकाळी पत्रिका उलटी करून हिशोब मांडला. चारचाकी गाडी जागच्या जागी चालू ठेवली की तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर इंधन जाळते. आपण ०.६ लिटर धरू. आपल्या चौकात ३०० गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडी २० मिनिटं थांबते, असं समजा. झालं ६० लिटर. सकाळचं ऑफिस आणि संध्याकाळचं घर मिळून १२० लिटर. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले तर ३६,००० लिटर. शंभर रुपयांनी लावलं तर ३६ लाख रुपये. एका लिटर पेट्रोलमागं सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाला ८० टनांहून जास्त. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो शोषून घेतं असा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे या एका चौकाचं पाप फेडायला चार हजारांवर मोठी झाडं लागणार.

"आणि कंत्राटदारानं भूमिपूजनाला किती लावली?" काकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"एकावन्न."

"त्यातली जगली किती?"

इथं काकू चहा घेऊन आल्या आणि पुढचा हिशोब टळला. यात दुचाक्या धरलेल्याच नाहीत. पुण्यात दुचाक्या न धरता केलेला हिशोब म्हणजे अर्धाच हिशोब, हे काकांनाही मान्य आहे. पण पत्रिकेवर जागा संपली होती.

आता पुस्तकात काय आहे ते सांगतो, कारण आपल्याकडं पुस्तकात सगळं असतं. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था १९३४ पासून रस्त्यांची मानकं लिहिते आहे. तिची 'एसपी ५५' क्रमांकाची एक पुस्तिका खास रस्त्यावरच्या कामांच्या जागी वाहतूक कशी सांभाळायची यावरच आहे. २०१४ मध्ये तिची सुधारित आवृत्तीही निघाली. तिच्यात कामाच्या जागेचे पद्धतशीर टप्पे पाडलेले आहेत. आधी बऱ्याच अंतरावरून वाहनचालकाला सूचना द्यायची. मग रस्ता हळूहळू अरुंद करत गाड्या एका बाजूला वळवायच्या. मग प्रत्यक्ष काम. आणि ते संपलं की गाड्यांना परत मूळ रस्त्यावर अलगद सोडायचं. पादचाऱ्यांसाठी सुरक्षित वाट ठेवायची, रात्री दिवे लावायचे. वाचताना डोळे भरून येतात. सासरी निघालेल्या मुलीला द्याव्यात इतक्या मायेनं गाडीवाल्याला सूचना दिल्या आहेत.

प्रत्यक्षात आमच्याकडंही टप्पे असतात, पण ते निराळे. पहिला टप्पा म्हणजे बेसावधपणा. दुसरा कचकन ब्रेक. तिसऱ्या टप्प्यात मागच्याचा ब्रेक लागला की नाही ते कळतं. 'पुढे काम चालू आहे' ही पाटी चौथ्या टप्प्यात, म्हणजे खड्ड्याच्या अगदी काठावर, लिंबाच्या झाडाला सुतळीनं बांधलेली असते. तिथं पोहोचेपर्यंत पुढं काम चालू आहे ही बातमी शिळी झालेली असते. तरी पाटी वाचून बरं वाटतं. आपण ज्यात पडणार होतो ते काम आहे, नुसता खड्डा नाही.

मग येतो 'पर्यायी मार्ग'. पर्यायी मार्गाच्या पाटीवर एक बाण असतो. पाटी दोन तारांवर लटकलेली असल्यामुळं वाऱ्याबरोबर बाण फिरतो. आमच्याकडचा बाण पावसाळ्यात नैर्ऋत्येला, हिवाळ्यात उत्तरेला आणि एखादी बस फार जवळून गेली तर थेट आकाशाकडं असतो. साधारण सकाळच्या वेळी तो रसवंतीगृहाकडं रोखलेला असल्यामुळं त्या रसवंतीला बरे दिवस आले. बाण बरोबर असला तरी भागत नाही. बाणाच्या भरवशावर गल्लीत शिरावं तर गल्लीत जलवाहिनीचं काम निघालेलं असतं. तिथून बाहेर पडावं तर पुढं केबल. म्हणजे एका कामाचा पर्यायी मार्ग हे दुसऱ्या कामाचं ठिकाण असतं, आणि त्याचा पर्यायी मार्ग म्हणजे आपण जिथून आलो तो रस्ता. तीन खात्यांनी एकत्र बसून आखलं असतं तरी इतकं बंदिस्त वर्तुळ जमलं नसतं. ती कधीच एकत्र बसत नाहीत म्हणूनच जमलं.

मोबाइलवरचा नकाशा यात आपला वाटा उचलतोच. 'जलद मार्ग सापडला' असं तो एकाच क्षणी सगळ्यांना सांगतो. मग पेठेतल्या ज्या बोळातून पूर्वी फक्त दूधवाला आणि पाहुणे यायचे, तिथं एकामागं एक सात मोटारी समोरासमोर येतात. बोळातल्या आजी गॅलरीतून विचारतात, "कुणाकडं आलात?" आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

पण या सगळ्यात ज्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा असा प्राणी म्हणजे काँक्रीटचा मिक्सर.

तो मी जवळून पाहिला. माझ्या स्कूटरच्या पुढं उभा होता, किंवा खरं सांगायचं तर त्याच्या मागं मी होतो. पाठीवरचं ते भलंमोठं पिंप संथपणे फिरत होतं. गाडी थांबली तरी पिंप थांबवता येत नाही, आत काँक्रीट असतं. थांबलं तर ते घट्ट होणार. तयार काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं माल भरल्यापासून दोन तासांच्या आत तो ओतला गेला पाहिजे. म्हणून इंजिन चालू, पिंप चालू, धूर चालू, फक्त गाडी बंद. मी कडेनं पुढं सरकलो. ड्रायव्हर खिडकीतून कोपर बाहेर काढून बसला होता. बोलण्यावरून बीडकडचा वाटला.

"दादा, कुठं चाललाय माल?" मी विचारलं.

त्यानं हनुवटीनं पुढं दाखवलं. तीनशे मीटरवर ते पत्रे होते. झाडं काढलेले.

"म्हणजे ही सगळी गर्दी तुमच्याच कामाची?"

"हा ना," तो म्हणाला. "आत माल नाही म्हणून काम थांबलंय. काम थांबलंय म्हणून पत्रे निघंनात. पत्रे निघंनात म्हणून ट्रॅफिक हलंना. ट्रॅफिक हलंना म्हणून मी हितं. मी हितं म्हणून आत माल नाही."

व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेऊनही कुणाला इतकं नेमकं सांगता येणार नाही. मी विचारलं, "मग दोन तास उलटून गेले तर?"

"परत न्यायचा. इंजिनियर घेत नाही."

"परत कुठून?"

त्यानं या वेळी हनुवटीनं मागं दाखवलं. मागंही तेवढीच गर्दी होती.

सिमेंट तयार करताना जगात किती कार्बन बाहेर पडतो ते ठाऊक आहे का? एकूण मानवनिर्मित उत्सर्जनाच्या साधारण सात-आठ टक्के. त्या सिमेंटचं काँक्रीट करायचं, ते डिझेल जाळून कोंडीत फिरवायचं, ते घट्ट होऊ लागलं की पुन्हा डिझेल जाळून माघारी न्यायचं, आणि शहराबाहेर कुठं तरी ओतून द्यायचं. पर्यावरणाचं इतकं नुकसान ठरवून करायचं म्हटलं तरी कष्टाचं काम आहे.

यावर उपाय अवघड नाही. मालाच्या गाड्यांना वेळा ठरवून द्यायच्या. एक आत रिकामी झाली की दुसरीला प्लांटवरून सोडायची, सकाळी आठ ते अकरा कुणी यायचंच नाही. हे करायला एक फोन आणि एक वही लागते. फोन सगळ्यांकडं आहे. वहीचं टेंडर निघालं नसावं.

मग लोक सुचवतात की रात्री आणा ना माल. सुचवणारे लोक कामापासून लांब राहतात. मी जवळ राहतो. रात्री मिक्सर येतो तेव्हा त्याला मागं घ्यावं लागतं, आणि मागं घेताना तो वाजतो. पूर्वी नुसतं पीं-पीं करायचा. आता गाणीही लागतात. रात्री अडीच वाजता कुठल्याशा सिनेमातलं विरहगीत ऐकत उशीत डोकं खुपसून पडलेला माणूस शाश्वत विकासाचा कट्टर विरोधक होतो. आमचे अभियंता काका दिवसा कोंडीबद्दल आणि रात्री आवाजाबद्दल तक्रार करतात. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. ऑस्लो शहरानं २०१९ मध्ये भर शहरातल्या एका रस्त्याचं काम विजेवर चालणारी यंत्रं लावून केलं. तिथं धूर तर नव्हताच, आवाजही इतका कमी झाला की शेजारच्या दुकानदारांना आणि खुद्द कामगारांनाही ते जाणवलं. ही माहिती मी काकांना दिली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथं फ्लॅट काय भावानं आहेत?"

पाण्याच्या टँकरचंही असंच. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारायचं असतं. पुण्यात बांधकामाला सांडपाणी शुद्ध करून मिळालेलं पाणी वापरा, असा पालिकेचा आग्रह आहे आणि तो रास्तच आहे. पण टँकर पाणी मारायला निघतो तो ऐन गर्दीत, आणि इतरांसारखा अडकतो. मागचा नळ मात्र उघडा असतो. त्यामुळं एक किलोमीटर रस्त्याच्या वाट्याचं सगळं पाणी एकाच दहा फुटांना मिळतं. तिथं धूळ राहत नाही हे खरं. चिखल होतो, त्या चिखलावरून दोन स्कूटरवाले घसरतात, त्यांना उचलायला चौघं थांबतात, बघायला चाळीस, आणि कोंडी जोमानं वाढते. बाकीचा रस्ता कोरडाच. तिथली धूळ, ताडपत्री न बांधलेला एखादा हायवा शेजारून गेला की, आपल्या डब्यातल्या पोळीभाजीपर्यंत पोहोचते.

हायवा भरून जातं काय? राडारोडा. आपण पाडण्यात वाकबगार आहोत. पुण्यातल्या विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल मतदानाचं वय होण्याआधीच, २०२० मध्ये पाडले. मेट्रो आणि नवा दुमजली पूल यायचा होता म्हणून. वेळ मात्र बिनचूक साधली होती, टाळेबंदी चालू होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाहतुकीच्या नियोजनाचा हा आदर्श नमुना मानावा लागेल, फक्त त्यासाठी दर वेळी महामारी आणता येत नाही. तिथल्या नव्या पुलाची एक बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. मधल्या पाच वर्षांत तिथून रोज गेलेल्या माणसाच्या फुप्फुसात गणेशखिंडीचा किती भाग गेला असेल ते सांगणं अवघड आहे.

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर ६०० किलो स्फोटकं लावून उडवला. गांधीजयंतीला अहिंसेचा एवढा मोठा आवाज यापूर्वी झाला नसेल. पुलानंही सत्याग्रहाची परंपरा राखली. स्फोट झाल्यावर तो पूर्ण पडलाच नाही, लोखंडाच्या आधारानं तसाच राहिला, आणि उरलेलं काम यंत्रांना करावं लागलं. विनोद बाजूला ठेवला तर त्या रात्री एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी घडली होती. महामार्ग बंद राहणार हे लोकांना दिवसन् दिवस आधी माहीत होतं, जड गाड्या कुठून वळणार ते ठरलेलं होतं, आणि सकाळी वाहतूक सुरूही झाली. म्हणजे जमतं. सुरुंग लावायचा असला की जमतं. साधी गटाराची चेंबर दुरुस्त करायची असली की जमत नाही, कारण तिथं टीव्हीवाले येत नाहीत.

राडारोड्यासाठी २०१६ पासून केंद्राचे नियम आहेत. पुण्यात वाघोलीला आणि पिंपरी-चिंचवडकडं मोशीला त्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्पही आहेत. तिथं त्याचा चुरा करून पेव्हर ब्लॉकसारख्या वस्तू बनवतात. पण वाघोली लांब आहे आणि नदी जवळ आहे. रात्री दिवे मालवून एखादी गाडी नदीकाठाला गेली की सकाळी काठ चार फूट पुढं आलेला असतो. कामाच्याच जागी चुरा करून तिथल्याच भरावात वापरला तर गाड्यांच्या कितीतरी फेऱ्या वाचतील. यात नवीन काही नाही, आपल्या आज्या जुन्या साडीची गोधडी करायच्या, त्यासाठी साडी वाघोलीला पाठवत नव्हत्या.

आता ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही त्या वाहनाबद्दल. हे वाहन धूर सोडत नाही, जागा दोन फूट व्यापतं, पार्किंग मागत नाही, आणि चहावर चालतं. त्याला पादचारी म्हणतात. कुठल्याही कामात पहिला बळी फुटपाथचा जातो. रस्त्याची एक मार्गिका घ्यायची म्हटलं तर पोलिसांची परवानगी, बैठक, पत्रव्यवहार. फुटपाथ घ्यायचा म्हटलं तर त्यावर सळया टाकल्या की झालं. मग हा धूरविरहित प्राणी सळयांवरून, मग मातीच्या ढिगावरून, मग फळीवरून, मग दोन रिक्षांच्या मधून चालू लागतो. आमच्या चौकातल्या एका मावशी भाजीच्या पिशव्या घेऊन हा प्रवास रोज करायच्या. परवा त्या रिक्षात दिसल्या. "पाय दुखतात म्हणून नाही हो," त्या म्हणाल्या, "जीव प्यारा आहे म्हणून." म्हणजे एक शून्य उत्सर्जनाचं वाहन बाद झालं आणि त्याच्या जागी एक रिक्षा रस्त्यावर आली. ती रिक्षा मावशींसकट आमच्या पुढं कोंडीत उभी होती. चार फूट रुंदीची, वर छप्पर आणि खाली सपाट फळ्या असलेली वाट पत्र्यांच्या कडेनं ठेवली असती तर मावशी आमच्या आधी घरी पोहोचल्या असत्या. तशाही पोहोचल्या असत्या.

बसचंही तेच. पन्नास माणसांची बस आणि एका माणसाची मोटार या दोघांना अरुंद झालेल्या रस्त्यावर सारखाच न्याय मिळतो, म्हणजे कुणालाच मिळत नाही. रस्ता निम्मा झाला असेल तर उरलेल्या निम्म्यावर पहिला हक्क बसचा असावा, असं म्हटलं की मोटारवाले रागावतात. मग बसमधला माणूस रोज पाऊण तास उभा राहून कंटाळतो, कर्ज काढतो आणि मोटार घेतो. काम संपेपर्यंत सगळे मोटारवाले झालेले असतात आणि नवा पूल उद्घाटनाच्या दिवशीच अपुरा पडतो.

चौकात कोन असतात, सौरऊर्जेवर लुकलुकणारे दिवे असतात, ते सगळं पर्यावरणपूरक आहे. कोनांचं आयुष्य आठवडाभर असतं. त्यानंतर ते आसपासच्या दुकानांसमोर 'इथे गाडी लावू नये'च्या नोकरीला लागतात. दिव्यांची बॅटरी त्याहून लवकर बदली घेते. टिकतात फक्त ते सिमेंटचे जाडजूड अडथळे. ते इतके टिकतात की काम संपलं, उद्घाटन झालं, फीत कापणाऱ्यांचं खातं बदललं, तरी ते तिथंच. त्यांच्यावर पोरं बसतात, पोस्टर लागतात, एखाद्यावर देवाची तसबीर येते. देव आला की तो अडथळा कायमचा. रस्ता तेवढ्यापुरता अरुंद राहतो आणि पत्रे निघाल्यावरही तिथली कोंडी सुरूच राहते.

एक वॉर्डन मुलगा तिथं उभा असतो. हातात शिट्टी, अंगात चट्ट्यापट्ट्यांचं जाकीट आणि तोंडाला रुमाल. चौकातल्या मामांना निदान हुकूम सोडता येतो. याला कुणी मानत नाही. दिवसभरात सर्वांत जास्त धूर कोण घेत असेल तर तो. त्याला मी म्हटलं, "अरे, एक मास्क तरी मिळतो का?" तो म्हणाला, "काका, मास्क लावला तर शिट्टी कशी वाजवू?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. असेल तर कळवा, त्याला सांगतो.

माझ्या मते या सगळ्या रोगाचं मूळ एकच आहे. रस्ता फुकट आहे. म्हणजे आपल्यासाठी नाही, आपण रोड टॅक्स भरतो, टोल भरतो. खणणाऱ्यासाठी तो वापरायला फुकट आहे. खोदाईचं शुल्क तो एकदा भरतो, पण पत्रे पंधरा दिवस ठेवले काय आणि पंधरा महिने ठेवले काय, वाढीव दिवसाचं भाडं कुणी मागत नाही. गणपती मंडळाचं मात्र तसं नाही. मुंबईत २०२५ मध्ये मंडपासाठी रस्त्यात खड्डा केला तर खड्ड्यामागं पंधरा हजार दंड असं पालिकेनं जाहीर केलं होतं. ओरड झाल्यावर तो पुन्हा दोन हजारांवर आणला. दहा दिवस मुक्कामाला येणाऱ्या देवाला खड्ड्यामागं दोन हजार. आणि रस्ताच्या रस्ता वर्षानुवर्षं घेऊन बसणाऱ्याला? 'आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद'.

लंडनमध्ये २०१२ पासून रस्त्याच्या मार्गिकेचं भाडं घेतात. सगळ्यांत वर्दळीच्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी खणून ठेवायचं असेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत मोजावे लागतात. गर्दी टाळून काम केलं, किंवा खड्ड्यावर पोलादी पत्रा टाकून दिवसा रस्ता मोकळा ठेवला, तर भाडं नाही. कल्पना इतकी साधी आहे की आपल्याकडं ती आधी सुचायला हवी होती. लग्नाच्या हॉलवाला रात्री अकरानंतर एक मिनिट झालं तरी पुढच्या तासाचे पैसे लावतो आणि त्यामुळं वऱ्हाड कसं भराभर जेवतं, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलोय. तेच कंत्राटदाराला लावायचं. एक मार्गिका, एक दिवस, अमुक रुपये. दोन मार्गिका घेतल्या तर दुप्पट. फुटपाथ घेतला तर तिप्पट, कारण तिथं मावशी चालतात. काम संपल्यावर पत्रे राहिले तर दर दिवसाला वाढीव दर. मग बघा पत्रे कसे एका रात्रीत निघतात. मिक्सरच्या वेळा ठरतील, वही येईल, बाणाला दोन खिळे जास्त मिळतील. पर्यावरणाचं नाव न घेता सगळं पर्यावरण आपोआप होईल. भाड्यातून आलेल्या पैशांत त्या वॉर्डनला चांगल्यापैकी मास्क आणि विजेवर वाजणारी शिट्टीही घेता येईल.

ही सूचना मी लेखी दिली आहे. पोच मिळाली. पोचेवर हिरव्या शाईत 'कृपया अनावश्यक छपाई टाळा, झाडे वाचवा' असं छापलेलं होतं. पोच चार पानांची होती.

भाडं सुरू व्हायचं तेव्हा होईल. तोवर तुमच्या-माझ्या हातात एक किल्ली आहे. पुढचा मिक्सर फिरतोय पण हलत नाही, असं दिसलं की अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं हे नक्की. इंजिन बंद करा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या, त्याला निदान त्यासाठी पेट्रोल लागत नाही.